राजर्षी शाहू छत्रपती : बल आणि नाद

निपाणीहून कोल्हापूरच्या रस्त्याने उत्तरेस निघाले म्हणजे सुमारे वीस किलोमीटरांवर कागल हे गाव लागते. या कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतराव नावाचे बालक जन्मास आले. तेच पुढे राजर्षी शाहू छत्रपती म्हणून हिंदुस्थानभर विख्यात झाले. त्यांचे चरित्र म्हटले की वसतिगृहे, सक्तीचे शिक्षण, राखीव जागा आणि राधानगरीचे धरण या गोष्टी आपणांस आठवतात. क्रमिक पुस्तकांतून त्या आपण वाचल्याच आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही महाराजांच्या चरित्रातील एका निराळ्या अंगाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. महाराज मल्लविद्येचे आश्रयदाते होते, तसेच संगीताचेही होते. बल आणि नाद या दोन्ही गोष्टींचा सांभाळ एकाच दरबारात कसा झाला आणि त्यातून आज आपण काय घ्यावे, हे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

हा विषय निवडण्यास कारणही तसेच आहे. आमच्या बेळगाव-निपाणीकडील तरुण आता तालमीप्रमाणेच जिममध्येही जाऊ लागले आहेत. तेथे कानांत मोबाईलवरील गाणी घालून वजने उचलण्याची रीत पडली आहे. गाण्याने खरेच बळ वाढते काय, वाढत असल्यास कोणत्या गाण्याने आणि कोणत्या वेळी, असे प्रश्न मुलांस पडतात आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांसही पडतात. या प्रश्नांचा विचार एका थोर पुरुषाच्या चरित्राच्या आधाराने केला तर तो अधिक चांगला मनात ठसेल, असे आम्हांस वाटते.

यशवंतरावांचे वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार होते. आई राधाबाई या मुधोळच्या घोरपडे राजघराण्यातील कन्या. मुधोळ हे आज कर्नाटकात आहे, म्हणजे महाराजांचे आजोळ कानडी मुलखातले होते. मातृसुख त्यांस फार काळ लाभले नाही; ते अगदी लहान असतानाच राधाबाई निवर्तल्या. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा अकाली मृत्यू झाल्यावर त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांस दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू ठेवले. त्या वेळी त्यांचे वय अवघे नऊ वर्षांचे होते. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व त्यानंतर धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. धारवाडास फ्रेजर नावाचे विद्वान अधिकारी त्यांचे गुरू होते. २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्यांच्या संस्थानात मराठी मुलखाबरोबर कानडी मुलूखही होता. आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग हे त्या काळी कोल्हापूर संस्थानातच मोडत असे.

महाराजांची शरीरयष्टी धिप्पाड होती. अश्वारोहण, शिकार आणि कुस्ती यांची त्यांस लहानपणापासून आवड. तरुणपणी ते स्वतः मेहनत करीत व मातीत उतरत. गादीवर आल्यानंतर त्यांनी ही आवड स्वतःपुरती ठेवली नाही. त्यांनी मल्लांच्या खुराकाची सोय केली, तालमींस साहाय्य दिले आणि उत्तर हिंदुस्थान व पंजाबातील नामांकित पैलवानांस कोल्हापुरात आणले. त्यांच्याशी लढून आपल्याकडील मल्लांनी नवे डाव शिकावे, हा त्यात लाभ होता. कुस्तीची पंढरी हे कोल्हापूरचे बिरुद त्या काळच्या या मेहनतीतून उभे राहिले.

येथे तालमीतील मेहनतीचे थोडे वर्णन केले पाहिजे, कारण आमच्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच आहे. पैलवान पहाटे उठतो. जोर आणि बैठका काढतो, जोडी व करेल फिरवतो, हौद्यातील माती खणतो आणि मग जोडीदाराशी लढत करतो. काही तालमींत दगडी नाल असतो. मध्ये पकडण्यास आडवी मूठ असलेले हे दगडी कडे उचलणे म्हणजे आपल्याकडील जुने भारोत्तोलनच होय. कानडी भागातील जत्रांतूनही दगडी गुंड उचलण्याच्या शर्यती लागतात आणि तेथे खेड्यापाड्यांतील वाद्ये घुमत असतात.

परंतु पहाटेच्या तालमीत वाद्य नसते. तेथे श्वासाचा आवाज असतो, जोर मोजण्याचा आवाज असतो, मातीवर पडलेल्या अंगाचा आवाज असतो आणि अधूनमधून वस्तादाचा एखादा शब्द असतो. दहा-वीस जण एका ओळीत बैठका काढू लागले की त्यांची एक लय आपोआप जमते. खाली जाताना सर्वांचा श्वास एकदम आत जातो व वर येताना एकदम बाहेर पडतो. एकट्याने बैठका काढणारा जेथे थांबला असता, तेथे या सामुदायिक लयीत तो आणखी काही बैठका काढून जातो. हाही एक तालच आहे. फरक इतकाच की तो मेहनत करणाऱ्याच्या देहातूनच निघालेला असतो. शिवाय नवीन डाव शिकताना वस्तादाचा शब्द कानी पडणे अत्यावश्यक असते. पाय कोठे ठेवावा, कमरेस झटका केव्हा द्यावा, मान कशी सांभाळावी, हे सांगितलेले ऐकू आले नाही तर शिकणे थांबते आणि प्रसंगी इजाही होते.

आता तालमीतून मैदानाकडे वळू. १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने महाराज विलायतेस गेले. त्या प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागृह पाहिले आणि तसे मैदान आपल्या राजधानीत असावे, असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. १९०७ च्या सुमारास कोल्हापुरात खासबागेच्या मैदानाचे काम सुरू झाले व १९१२ साली ते पूर्ण झाले. मध्यभागी लाल मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना आहे. कोठेही बसले तरी कुस्ती स्पष्ट दिसावी, हा त्यामागील विचार. हजारो प्रेक्षक बसतील असे हे मैदान रयतेसाठी बांधले गेले, ही गोष्ट विशेष होय.

आणि या मैदानात हलगी वाजते. आमच्या सीमाभागातील कोणत्याही गावची जत्रा पाहिलेल्या वाचकास हलगीची ओळख करून द्यावयास नको. तरी शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. गोल कड्यावर शेळीचे कातडे ताणून बसवलेले हे वाद्य दोन काड्यांनी वाजवितात. एक काडी लांब व बारीक, दुसरी आखूड व जाड. वाजविण्यापूर्वी कातडे विस्तवावर शेकून ताठ करतात. मग त्यातून असा कडक बोल निघतो की तो मैदानाच्या शेवटच्या पायरीपर्यंत जातो. तिच्या साथीस घुमके आणि कैताळ असते. मल्ल हौद्यात उतरून शड्डू ठोकतात, माती अंगास लावतात, हातास हात भिडवतात, तसतशी हलगीची गती चढत जाते. दोघे एकमेकांस जोखीत उभे राहिले की वादकही हात आवरता घेतो. कोणी पट काढला वा ढाक मारली की हलगी पुन्हा कडाडते आणि चितपट झाली की सारे मैदान व सारी वाद्ये एकदमच गर्जतात.

बारकाईने पाहणाऱ्यास येथे एक गोष्ट दिसून येईल. वादक कुस्तीकडे पाहून वाजवितो. हलगीवाला मल्लांस आपल्या तालावर नाचवीत नाही. मल्लांचा जोर पाहून तो आपला ताल बदलतो. म्हणून ती लय पैलवानाच्या अंगी लागते. तिने त्याचे रक्त तापते, भीती ओसरते, थकवा क्षणभर विसरला जातो. प्रेक्षकांचे हजारो डोळे आणि हलगीचा बोल यांनी मिळून जे बळ येते, ते त्याने महिनोन् महिने पहाटे कमावलेलेच असते. हलगी ते बाहेर काढते. जे कमावलेलेच नाही, ते कोणतीही हलगी बाहेर काढू शकत नाही.

योगायोग असा की खासबागेचे काम चालू होते त्याच काळात, १९११ साली, अमेरिकेत लेनर्ड एअर्स नावाच्या अभ्यासकाने याच विषयावरील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. न्यूयॉर्क येथे सहा दिवस चालणारी सायकलींची शर्यत होत असे. तेथे बँड वाजत असताना स्वारांची गती ताशी सुमारे १९.६ मैल आढळली आणि बँड थांबला असताना १७.९ मैल. त्यानंतरच्या शतकात क्रीडाशास्त्रज्ञांनी या विषयावर अनेक प्रयोग केले. त्यांचा एकंदर निष्कर्ष थोडक्यात असा. दीर्घकाळ चालणाऱ्या आणि पुनःपुन्हा कराव्या लागणाऱ्या व्यायामात संगीताचा लाभ दिसून येतो. धावणे, सायकल हाकणे किंवा मध्यम वजन अनेक वेळा उचलणे ही त्याची उदाहरणे होत. हालचालीची गती आणि गाण्याची लय जुळली तर श्रम कमी जाणवतात. दुसऱ्याने लादलेल्या गाण्यापेक्षा स्वतः निवडलेले, आवडीचे गाणे अधिक उपयोगी पडते. परंतु आपल्या शक्तीच्या अगदी सीमेवरील वजन एकदाच उचलावयाचे असेल, तर संगीताचा परिणाम पुष्कळ कमी होतो आणि कित्येकदा आढळतही नाही. अशा वेळी देहच इतक्या मोठ्याने बोलत असतो की बाहेरचा सूर मनापर्यंत पोहोचत नाही. भारोत्तोलनाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूचे नाव पुकारल्यावर त्यास साधारणतः एक मिनिटाचा अवधी मिळतो. त्या मिनिटात त्याच्या कानांत गाणे नसते. हात, पाय, पाठ आणि श्वास यांचीच सोबत असते.

ही झाली बलाची बाजू. महाराजांच्या दरबारातील नादाची बाजू तितकीच समृद्ध होती. १८९५ च्या सुमारास त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेब यांस आपल्या दरबारी गायक म्हणून ठेवून घेतले. १८५५ साली राजस्थानात उणियारा येथे जन्मलेले हे गायक जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक मानले जातात. महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, ते कोल्हापुरास होते. मुसलमान गायकाने अंबाबाईच्या देवळात सेवा म्हणून गावे, ही त्या नगरीस भूषणभूत अशी गोष्ट तेथे घडत होती. त्यांच्या शिष्यपरंपरेने पुढे महाराष्ट्राचा आणि गोव्याचा कान घडविला. आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांस तर याचा विशेष अभिमान वाटतो, कारण गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या दोघी थोर गायिका खाँसाहेबांच्याच शिष्या होत.

खाँसाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावा असा आहे. कोल्हापुरास येण्यापूर्वी माळव्यातील आमलेटा येथील दरबारात त्यांस दिवसेंदिवस अतोनात गावे लागले. विसावा मिळाला नाही आणि त्यांचा गोड, लवचीक आवाज बसला. जवळजवळ दोन वर्षे तो परत आला नाही. आला तो पूर्वीचा राहिला नव्हता. पण हा पुरुष खचला नाही. बदललेल्या कंठास शोभेल अशी, श्वासाच्या दमावर आणि लयीच्या बारकाव्यांवर उभी असलेली नवी गायकी त्यांनी घडविली आणि ती त्यांच्या घराण्याची ओळख ठरली. गळा हाही स्नायूंनीच चालतो. त्यास अतिश्रम झाले तर तोही जायबंदी होतो, जसा घाईने वजन वाढविणाऱ्या मुलाचा खांदा वा कंबर जायबंदी होते. गायकाचा रियाज आणि मल्लाची मेहनत यांचे नियम सारखेच आहेत. दोहोंत रोजचा सराव लागतो, हळूहळू चढण लागते, गुरूचे लक्ष लागते आणि विश्रांतीही लागते.

खासबाग मैदानाच्या शेजारीच महाराजांनी पॅलेस थिएटर नावाचे नाट्यगृह उभारले. १९१५ साली ते सुरू झाले. पुढे त्यास कोल्हापूरचेच सुपुत्र, संगीत रंगभूमीवरील थोर गायक-नट केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. एका बाजूस मल्लांची माती आणि दुसऱ्या बाजूस गायकांची रंगभूमी अशी ही दोन स्थाने पाठीस पाठ लावून उभी राहिली. महाराजांच्या मनात बल आणि नाद यांचे नाते कसे होते, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता असणार? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा खासबाग मैदानाच्या लगतच्या भागासही त्याची झळ पोहोचली आणि कोल्हापूरकरांच्या डोळ्यांस पाणी आले.

आता आम्ही या चरित्राच्या मर्माकडे येतो. पैलवानाच्या अंगात वीरश्री संचारविणारी ती हलगी वाजवीत कोण होते? परंपरेने ही विद्या मातंग, महार अशा समाजांतील कलावंतांनी सांभाळली. कातड्यास स्पर्श करावा लागतो म्हणून वाद्य हलके मानले गेले आणि वाजविणारा अस्पृश्य ठरला. ज्याच्या तालावाचून जत्रा भरत नसे, कुस्ती रंगत नसे आणि देवाची पालखी हलत नसे, त्यास त्या देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. गावच्या विहिरीवर तो घागर भरू शकत नव्हता आणि त्याचे मूल शाळेत इतर मुलांच्या शेजारी बसू शकत नव्हते. बळ सर्वांस हवे होते. ते चेतविणारा हात मात्र कोणास शिवून घ्यावयाचा नव्हता. यापरता मोठा अन्याय कोणता?

हा अन्याय दूर करण्यासाठी महाराजांनी आपली राजसत्ता वेचली. २६ जुलै १९०२ रोजी, विलायतेत असतानाच, त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध करविला. निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा निर्णय जाहीर केला. १९१८ साली महार वतनाची वेठबिगारी मोडली. १९१९ साली सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा यांत अस्पृश्यता पाळू नये असे आदेश काढले व अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्या शाळेत बसविले. गंगाराम कांबळे यांस चहाचे दुकान काढण्यास साहाय्य करून महाराज तेथे स्वतः चहा घेत. राजाने चहा घेतला म्हणजे बरोबरच्या मंडळींसही नाही म्हणता येत नसे! मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे तरुण भीमराव आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तीस महाराज जातीने हजर राहिले व या तरुणात बहिष्कृत समाजाचा खरा पुढारी आहे, हे त्यांनी ओळखले. माणगाव आपल्या निपाणीपासून फार लांब नाही.

या थोर राजास आयुष्य मात्र अल्प लाभले. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांनी लावलेले वृक्ष पुढे फळांस आले. कोल्हापुरात शिकून तयार झालेले खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक जिंकणारे ते स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू होत. आमच्या चिकोडी भागातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे यांनीही कोल्हापुरातच मेहनत केली व १९५९ साली हिंदकेसरी हा किताब मिळविला. कन्नड मुलखात जन्मलेला, मराठी मातीत घडलेला आणि साऱ्या देशाने डोक्यावर घेतलेला हा मल्ल सीमेवरील आपल्या मुलांनी विसरू नये. लाल मातीस आणि हलगीच्या बोलास भाषेची सीमा ठाऊक नाही, हे त्यांच्या उदाहरणाने सिद्ध केले.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रापासून घ्यावयाचा बोध आम्ही थोडक्यात सांगतो. व्यायामास आरंभ करताना, अंग तापवताना आणि हलके वजन अनेक वेळा उचलताना तुमच्या आवडीचे, चढत्या लयीचे गाणे अवश्य ऐका. त्याने उत्साह वाढतो. नवीन प्रकार शिकताना व जड वजन उचलताना मात्र कान मोकळे ठेवा. तेथे वस्तादाचा शब्द आणि आपला श्वास हेच संगीत. व्यायाम संपल्यावर संथ सुरावट ऐकली तर मन निवते. आवाज बेताचा ठेवा, कारण गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही मेहनतीने परत मिळत नाही. आणि गाण्याच्या जोरावर आपल्या शक्तीबाहेरचे वजन उचलण्याचा मोह धरू नका.

एवढे करूनही एक गोष्ट उरतेच आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. येत्या जत्रेस मैदानावर जाल तेव्हा जिंकलेल्या मल्लास फेटा बांधताना टाळ्या वाजवा. पण कडेला उभा राहून दुपारपासून हलगी वाजविणाऱ्या त्या माणसाकडेही पाहा. त्याच्या मनगटातही पैलवानाइतकीच मेहनत आहे. त्याचा मुलगा कदाचित तुमच्याच वर्गात, तुमच्याच बाकावर बसत असेल. तो तेथे बसू शकतो, यात कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या त्या राजाचा वाटा फार मोठा आहे.